नाईलचा उतार

नाईल नदी उलटी वाहायला लावली ती मी, मुलीने नाही. एवढं कबूल करायला मला तीन दिवस लागले.

ती नऊ वर्षांची होती. आम्ही सिंगापूरला, पासिर रिस भागात राहत होतो. शाळेसाठी तिने पुठ्ठ्यावर मातीचा इजिप्त केला होता. दक्षिणेची बाजू खाली ठोकळे लावून उंच केलेली; तिकडून पाणी ओतलं की नाईलला पूर यायचा आणि काठावरची शेतं भिजायची. शेतांत मेथीचे दाणे पेरले होते.

"तिथे पाऊसच नाही ना, बाबा. पूर नाही आला तर सगळे उपाशी," तिने मला समजावलं.

मला मात्र उतार खटकला. नकाशात वर असते ती उत्तर दिशा, आणि हिने तीच बाजू खाली ठेवलेली. नदी काय डोंगर चढणार? ती आंघोळीला गेल्यावर मी दक्षिणेखालचे ठोकळे काढून उत्तरेखाली चिकटवले. शेवटी मी बोटीवरचा इंजिनियर. सुएझमधून वीसेक वेळा गेलेला.

"अहो, तुम्ही सुएझ पाहिला तो इंजिन रूममधून," बायको म्हणाली. "तिला विचारा तरी."

विचारलं नाही.

दुसऱ्या दिवशी वर्गात तिने पाणी ओतलं, ते मागे फिरून थेट टीचरच्या बुटांत. शेतं कोरडीच.

"होल इजिप्त स्टार्व ऑलरेडी, लाह!" घरी येऊन ती तिच्या सिंगापुरी इंग्रजीत ओरडली.

मला हसू आलं, मग माझे ठोकळे आठवले. घाबरून म्हणालो, "वर्गातलं टेबल कलतं असेल. सांग टीचरना."

तिने बिचारीने पुढच्या दिवशी सांगितलं. टीचरनी टेबलावर गोटी ठेवली; ती जागची हलली नाही. सबबी सांगू नकोस, असं सगळ्या वर्गासमोर ऐकून ती परतली. रात्री आम्ही जेवायला बसलो. मग पुठ्ठा उलटा करून तिने विचारलं, "हे ठोकळे इथे कोणी लावले?"

मी आणखी आमटी वाढून घेतली.

"बोला आता, इंजिनियरसाहेब," बायको म्हणाली.

सकाळी मी तिच्याबरोबर शाळेत गेलो. टीचरना म्हणालो, "टेबल सरळच आहे. उतार मी बदलला. टेबलाची थापही माझीच. माफ करा, बुटांबद्दलही."

टीचर हसल्या. मुलीने माझी बाही ओढली. "आणि मला?"

मी गुडघ्यावर बसलो. "सॉरी, बाळा. तुझी नाईल बरोबर होती, ती दक्षिणेकडून उत्तरेलाच वाहते. तुला न विचारता मी हात लावला, आणि वर तुलाच खोटं पाडलं."