वाट्याला आलेलं फाटकं ब्लँकेट

घराच्या वाटण्या झाल्या त्या दिवशी थोरल्या जावेने फ्रिज वरच्या मजल्यावर नेला. गीझर तर आधीपासून तिच्याच न्हाणीघरात होता. धाकटीच्या अंगावर तिने एक फाटकं ब्लँकेट टाकलं.

"हे घे तुझ्या वाट्याला. आणि आता तरी हात आवर. तुझ्या सैल हातामुळे दर महिन्याला बिल फुगत होतं."

समोर सासूबाई होत्या. त्यांनी मान डोलावली आणि आपली गादी वर न्यायला सांगितली.

धाकटी रुग्णालयाच्या धोबीखान्यात कामाला होती. दिवसभर यंत्रांच्या घरघरीत कुणाला कुणाचं ऐकू यायचं नाही, त्यामुळे तोंडाला तोंड देण्याची सवयच तिला राहिली नव्हती. तिने ब्लँकेट उचललं. पण मनात गाठ पक्की बांधली: सैल हात कुणाचा, हे सासूबाईंच्या तोंडून चारचौघांत वदवून घ्यायचं.

सुडाला पेटलेली माणसं भांडतात, कोर्टात जातात. या बयेने काटकसर आरंभली. आधी विजेचे मीटर वेगळे करून घेतले. मग भाताला उकळी आली की पातेलं उतरवून त्या फाटक्या ब्लँकेटात गुंडाळायचं आणि खोक्यात ठेवायचं. आतल्या उबेवर तो आपला आपण शिजायचा. कपड्यांचं पाणी संडासात, भाज्या धुतलेलं झाडांना. संध्याकाळी सगळं घर एका दिव्याखाली.

"अगं, घर आहे की तुरुंग?" नवरा वैतागला.

"तुमच्या वहिनींना विचारा."

चार पैसे गाठीला राहू लागले, पण तिला त्यांचं सुख नव्हतं. पातेल्याभोवती ब्लँकेट आवळताना आत थोरलीची मानच असावी, असा तिचा आवेश असायचा.

वर मात्र सगळा आनंदीआनंद होता. पूर्वी अर्धं बिल खालचे भरत, त्यामुळे झळ लागत नव्हती. आता सगळं एकटीच्या गळ्यात आलं आणि थोरलीचे डोळे पांढरे झाले. ती वायरमनला घेऊन तरातरा खाली आली. मागोमाग सासूबाई, आणि फुकटचा तमाशा म्हणून शेजारीपाजारीही.

"हिने माझ्या मीटरला वायर जोडलीय! एवढं बिल माझं नाहीच."

म्हणजे आता चोरसुद्धा! धाकटीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तरी ती जिन्याखाली मीटरांपाशी गेली आणि आपला मेन स्विच खटकन खाली ओढला. तिच्या घरातला पंखा थांबला.

"दादा, माझ्याकडे आता काडीची वीज नाही. त्यांचा मीटर बघा."

वरच्या मीटरची चकती गरगर फिरत होती. वायरमन वर जाऊन एकेक बटण बंद करत गेला, तशी ती मंदावत मंदावत थांबली.

"वायर ठीक आहे," तो खाली येऊन म्हणाला. "गीझर चालू होता, न्हाणीघरात कुणी नाही. दोन खोल्यांत पंखे फिरत होते, तिथेही कुणी नाही."

"म्हणजे इतकी वर्षं..." सासूबाई चाचरल्या.

"पुरतं बोला, आई."

सासूबाईंनी जमलेल्या लोकांकडे पाहिलं. "हात थोरलीचा सैल होता. तुझा नव्हता."

थोरलीचं तोंड एवढंसं झालं. "जाऊ दे ना गं झालं ते. तू एवढ्यात कसं भागवतेस, मलाही शिकव की."

धाकटी आत गेली. खोकं उघडून तिने गरम पातेलं बाहेर काढलं, ब्लँकेटची नीट घडी घातली आणि सगळ्यांदेखत थोरलीच्या हातावर ठेवली.

"हे घ्या, ताई. तुमच्या वाट्याला."

मग तिने दार लावून घेतलं. पातेल्यातला भात अजून कच्चाच होता. तिने तो शेगडीवर चढवला, आच मोठी केली आणि समोर बसून राहिली.

"अगं, झाकण तरी ठेव," नवरा म्हणाला. "गॅस जळतोय."

"जळू दे," ती म्हणाली. "आजच्या दिवस जळू दे."