झिपऱ्याला बोललेलं

त्या हिवाळ्यात हेंद्रेपाड्यातल्या रखमाबाईच्या मागे दोन कामं लागली होती. कुत्र्याच्या पिल्लाला घरात घाण न करायला शिकवायचं, आणि सासऱ्याच्या पोटात चार घास जातील असं बघायचं. पहिल्या कामानं तिच्या नाकी नऊ आले होते, दुसऱ्यानं तोंडचं पाणी पळालं होतं.

पिल्लू आणलं नवऱ्यानं. हरिचंद्र अंबरनाथच्या कारखान्यात पाळीवर जायचा. निर्वासितांच्या कॅम्पात एका सिंध्याच्या बराकीत तो चादरी घ्यायला गेला. भाव काही केल्या उतरेना, तेव्हा सिंध्यानं वर आणखी हे पिल्लू त्याच्या हातात ठेवलं. म्हणाला, "ले जाओ भाई, घर संभालेगा." अंगभर केस म्हणून त्याचं नाव पडलं झिपऱ्या. घर सांभाळणं लांबच, त्याला आपलं शी-शू सांभाळता येत नव्हतं. पुरुषांचं हे असंच. आणून टाकायचं त्यांनी, निस्तरायचं बायकांनी.

खरं तर आमच्याकडे कुत्र्याला असलं काही शिकवायची रीतच नव्हती. कुत्रं अंगणात जन्मतं, अंगणात मरतं, घरात घेतो कोण त्याला? पण आदल्या वर्षी बिबट्यानं अंगणातून दोन कुत्री उचलली होती. म्हणून पिल्लू जरा मोठं होईपर्यंत त्याला रात्री पडवीत घ्यायचं ठरलं. पडवीत म्हातारा कोंडाजी झोपायचा, रखमाबाईचा सासरा. पिल्लू त्याच्या पायाशी घोंगडीत शिरून झोपायला लागलं.

सकाळी उठून बघावं तर पडवीत ओल. रखमाबाई आधी ते काढायची, मग शेण कालवून तेवढी जागा सारवायची, मग हात धुऊन चुलीकडे वळायची. शेजारच्या विठानं सांगितलं, त्याच जागेवर नाक घास, पुन्हा करायचा नाय. नाक घासलं. पिल्लाला तो खेळच वाटला. जेवण झालं की उचलून बाहेर नेलं, तर बाहेर ते पाचोळ्यामागे धावायचं आणि आत येऊन मोकळं व्हायचं. विठा म्हणाली, "कुत्र्याचा शेपूट नळीत घातला तरी वाकराच." सांगायला विठाचं काय जात होतं? सारवायला ती येणार नव्हती.

मग रखमाबाईनं तोंड सोडलं. तेवढंच तिच्या हातात होतं. वाकून सारवता सारवता ती झिपऱ्याला बोलायची. "लाज नाय वाटत? पानी पितंस किती न् मुततंस किती. खायाला काल न् भुईला भार. जा कुठं तरी, तोंड कालं कर, सुटंन मी एकदाची." कंबर मोडलेली, भात झोडायचं काम अंगावर पडलेलं, अशा बाईच्या तोंडून काय ओव्या बाहेर पडणार आहेत?

आता या घरातली एक गोष्ट सांगितली पाहिजे. लग्न होऊन आल्यापासून रखमाबाई सासऱ्याशी समोरासमोर बोललेली नव्हती. तेव्हा सुना बोलतच नसत. सासरा समोर आला की पदर पुढे ओढायचा आणि जे सांगायचं ते दुसऱ्या कुणाला तरी सांगायचं. पोरं असली तर पोरांना, नसली तर मांजराला, तेही नसलं तर चुलीला. "मनी, भाकरी झाली बरं का," असं तिनं म्हटलं की कोंडाजी हात धुऊन पाटावर येऊन बसायचा. मीठ कमी असलं तर तो आढ्याकडे बघून म्हणायचा, "मीठ म्हाग झालं वाटतं." लेकी बोले सुने लागे म्हणतात ना, त्यातलीच ही गत, फक्त उलटी. सासू गेल्यावरही घर याच रीतीनं चाललं होतं, आणि बरं चाललं होतं. भांडण म्हणून कधी झालं नाही.

दिवाळीनंतर कोंडाजीचं जेवण उतरलं. आधी अर्धी भाकरी राहायला लागली, मग पाऊण. दुपारनंतर तो पाण्याला शिवेनासा झाला. तांब्या उशाशी भरलेला तो भरलेलाच. ओठ फुटले, गाल आत गेले. एरवी उजाडायच्या आत विहिरीवर जाऊन आपलं धोतर आपणच धुणारा माणूस, पण आता तिथपर्यंत जातानाही त्याचे पाय लटपटायचे. हरिचंद्रनं विचारलं तर म्हणाला, "भूक नाय." वैद्यानं चाटण दिलं, तेही पडून राहिलं.

रखमाबाई घाबरली. एक तर तिचा जीव होता म्हाताऱ्यावर. पहिल्या बाळंतपणात ती मरता मरता वाचली, तेव्हा जांभूळ गावाहून सुईणीला खांद्यावर बसवून नदीपार आणणारा हाच माणूस होता. दुसरं म्हणजे लोकांची तोंडं. विठानं एकदा हळूच कानावर घातलंही, "लोक म्हनतान, सून घालत नाय खायाला." त्या दिवशी रखमाबाईनं सुकटीचं कालवण केलं, त्याच्या आवडीचं. "मने, आज सुकट हाय, पोटभर जेव गो," असं मांजराला चांगलं मोठ्यानं सांगितलं. कोंडाजीनं दोन घास खाल्ले आणि ताट सारलं. ती चुलीपाशी बसून रडली.

आणि झिपऱ्या? मधल्या काळात झिपऱ्या शिकला होता. पहाटे दार उघडलं की धावत बाहेर जायचा, काम आटोपून यायचा. तरी अधूनमधून पडवीत दारापाशी ओल दिसायचीच. शिकून विसरतो म्हणून रखमाबाईचा जास्तच संताप व्हायचा आणि बोलणंही जास्त व्हायचं.

एका दुपारी घरात कुणी नव्हतं. नवरा पाळीवर, पोरं शाळेत. रखमाबाई भात वाळत घालून आत आली, तर कोंडाजीनं घोंगडी गुंडाळलेली, धोतराचं गाठोडं बांधलेलं. भिंतीला धरून तो उभा होता आणि झिपऱ्याशी बोलत होता.

"चल रे. पालेगावला उमाकरं जाऊ. हितं आपल्या दोघांना कोन ठेवायचा नाय."

उमा म्हणजे त्याची लेक. लेकीच्या घरचं पाणीसुद्धा न पिणारा हा माणूस तिच्या दारात राहायला निघाला होता.

रखमाबाई जागच्या जागी थांबली. आपल्या दोघांना? मग तिला आठवलं, त्या सकाळी झिपऱ्या पडवीत नव्हताच. थंडी म्हणून पोरांनी त्याला रात्री आपल्या गोधडीत घेतलं होतं. ओल मात्र होती, आणि ती झिपऱ्यालाच बोलली होती. पाणी पितंस किती. खायाला काल. तोंड कालं कर. जन्मभर तिचं बोलणं असंच आडून ऐकायची सवय लागलेल्या म्हाताऱ्यानं हेही आडूनच ऐकलं होतं. म्हणून त्यानं पाणी सोडलं होतं, भाकरी सोडली होती, आणि आता घर सोडत होता.

"झिपऱ्या, त्यांना सांग..." तिच्या तोंडून सवयीनं निघालं. कुत्र्याला सांगून आता काय उपयोग होता? कुत्र्याला सांगण्यानंच तर सगळा घात केला होता. समोर बोलायला हवं होतं, पण सासऱ्याला हाक काय मारायची हेच तिला ठाऊक नव्हतं. कधी मारलीच नव्हती. तिनं पदर सावरला आणि दारात आडवी उभी राहिली.

"बाबा," ती म्हणाली, "मी कुत्र्यालाच बोलत व्हते."

कोंडाजीनं तिच्याकडे पाहिलं.

"म्हंजे तुला ठाव नव्हता?"

"नव्हता."

तो मटकन खाली बसला. इतके दिवस सुनेला कळलंय म्हणून लाज, आणि आता आपणच कळवलं म्हणून लाज. तोंड लपवायला त्याला जागा राहिली नाही. रखमाबाईनं गाठोडं काढून घेतलं, पाण्याचा तांब्या त्याच्या हातात दिला आणि तो रिकामा होईपर्यंत समोरून हलली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी पडवीत ओल होती, नेहमीपेक्षा जास्तच. ती शेण घेऊन आली. झिपऱ्या कान पाडून समोर येऊन बसला, त्याला वाटलं आता बोलणी बसणार. ती नुसती वाकून सारवायला लागली. कोंडाजी घोंगडीत उठून बसला होता. त्यानं आढ्याकडे पाहिलं नाही.

"रखमे," तो म्हणाला, "दमलीस का गो?"

लग्न होऊन या घरात आल्यापासून तिला हे कुणीच विचारलं नव्हतं, नवऱ्यानंही नाही. तिचा शेणाचा हात तसाच जमिनीवर राहिला.

"व्हय बाबा," ती म्हणाली, "लय दमले." आणि अर्धं सारवण तसंच टाकून ती तिथंच ओल्यात बसली.