मालतीचा ट्रंककॉल

वाग्देवतेस आणि ग्रामदैवतास वंदन करून लिहितो. आज सकाळी माझ्या कन्येचे, मालतीचे, श्राद्ध झाले, म्हणून आजच लिहितो. ईश्वरावर माझी निष्ठा आहे. भुताखेतांच्या कथांवर मात्र कधीच नव्हती. तरीही...

आणीबाणी उठली त्याच्या पुढच्या वर्षीचा आश्विन. मालतीचे दुसरे बाळंतपण, म्हणून ती नाशिकला सासरीच होती. जावयांची तार आली — ‘अडली आहे. उद्या दुपारी फोन करतो.’ पौडात आमच्या आळीला फोन एकच, कासमभाईंच्या कापडदुकानातला. दहा जणांच्या तोंडाला लागलेले ते यंत्र मी कधी हाती धरीत नसे. कासमभाई ऐकत आणि मला सांगत.

“फोनलाबी सोवळं नेसवू का, गुरुजी?” ते नेहमी हसत म्हणत.

त्या दिवशी स्नान करून, सायंपूजेच्या सोवळ्यातच जाऊन बसलो. चारच्या सुमारास आभाळ गडगडू लागले. कासमभाई भिंतीवरच्या, फोनची तार जोडलेल्या डबीकडे वळले.

“तार सोडवून ठिवतो. ईज तारंवरनं घरात येती, गुरुजी.”

“आणि माझ्या लेकीची वार्ता कशी कळायची?” मी कठोरपणे विचारले. “तार काढाल तर या उंबऱ्यावर पुन्हा पाऊल ठेवणार नाही.”

त्यांनी हात मागे घेतला. घंटा वाजली ती तेवढ्यात.

“मालू हाय, गुरुजी! सवता बोलतीया!” त्यांनी रिसीव्हर माझ्यापुढे धरला. “म्हणती, बाबांना द्या.”

“सुखरूप आहे का, ते तुम्हीच विचारा.”

“अवो, पोर रडतीया. घ्या की!”

मी... एक पाऊल मागे सरलो. त्यांनी नाइलाजाने रिसीव्हर पुन्हा कानाला लावला — आणि दुकान पांढरे झाले. शुद्धीवर आलो तेव्हा डबी जळून काळी पडली होती आणि कासमभाई ताग्यांवर कोसळले होते. त्यांचा जीव वाचला, डावा कान कायमचा गेला.

दुसऱ्या दिवशी तार आली. मुलगी झाली होती. मालती दुपारी बारा वाजताच गेली होती. जावयांना त्या गडबडीत फोन लावताच आला नव्हता. एक्स्चेंजमध्ये चौकशी केली, तर पिरंगुटाजवळ खांब पडून पुण्याची लाइन दोन वाजल्यापासून बंद.

कासमभाईंना पुन्हा पुन्हा विचारले. ते दुखावले. “परकराचं कापड न्यायला ती माझ्याकडंच यायची. मी आवाज वळखत न्हाई व्हय?”

गावात म्हणतात, सोवळ्याने गुरुजी वाचले. हे ऐकले की माझ्याच पूजेची मला शिसारी येते. लेकीने मला बोलावले होते. आला तो घाव मित्राने घेतला, आणि माझे हात स्वच्छ राहिले. चार वाजता त्या तारेवर कोण होते, हे मला शास्त्रातही सापडले नाही, एक्स्चेंजमध्येही नाही. कासमभाईंच्या डाव्या कानाने ऐकलेला शेवटचा आवाज माझ्या मालूचा. मी, तिचा बाप, तो ऐकलाच नाही.

वाचकहो, आभाळ गरजू लागले की तार सोडवा. कोणाचाही फोन येणार असो, यंत्राला हात लावू नका, दुसऱ्याला लावू देऊ नका. आपल्या घरावर जगदंबेची छाया राहो. लेकी सुखरूप नांदोत. आणि निरभ्र दिवशी त्यांची हाक आली, तर ती आपल्याच कानांनी ऐकण्याची बुद्धी आपणांस लाभो.