दार उघडेना, म्हणून माफीपत्र

कदम साहेबांनी माझं माफीपत्र पोर्चमध्ये उभ्याउभ्याच वाचलं आणि परत माझ्या हातात दिलं.

"तारीख नाही यावर," ते म्हणाले.

मी पेन काढलं. कागद त्यांच्या गाडीच्या बॉनेटवर ठेवणार, तोच म्हणाले, "गाडीवर नको." मग गुडघ्यावर कागद धरून तारीख घातली. पत्रात लिहिलं होतं की माझ्या निष्काळजीपणामुळे त्यांच्या गॅरेजचे सगळे रिमोट बंद पडले. ते खरं आहे की नाही, हे तेव्हा मला माहीत नव्हतं. तरी खाली माझी सही होती. याचा राग अजून जात नाही, आणि तो सगळ्यात जास्त माझा मलाच येतो.

मी इलेक्ट्रॉनिक्सच्या शेवटच्या वर्षाला आहे. वडील लोडिंग टेम्पो चालवतात. आमच्या घरात कॉलेजला गेलेली मी पहिलीच. कोर्समध्ये तीन महिन्यांचं ट्रेनिंग असतं, ते मी इंदरगंजमधल्या एका दुकानात करत होते. दुकान ऑटोमॅटिक गेट आणि गॅरेजची दारं बसवतं. मालकांनी शेवटी सर्टिफिकेट दिलं नाही तर माझं वर्ष जातं. हे मला ठाऊक होतं आणि मालकांनाही.

नवरात्रात कदम साहेबांकडे नवी गाडी आली. तिच्या आत, छताला, आरशाच्या वर, तीन बटनं होती. त्यातलं एक दाबलं की गॅरेजचं दार उघडावं, असं त्यांना हवं होतं. हे काम दोन टप्प्यांत होतं. आधी घरातला रिमोट गाडीच्या बटनाजवळ धरून दोन्ही बटनं दाबायची, म्हणजे गाडी त्याचा सिग्नल शिकते. पुष्कळ लोक इथेच थांबतात, आणि दार काही उघडत नाही. कारण हल्लीचे रिमोट दर वेळी कोड बदलतात. त्यामुळे गाडीची ओळख मोटरलाही करून द्यावी लागते. मोटर गॅरेजच्या छताला असते. तिच्या डब्यावर एक छोटं बटन असतं, त्याला लर्न बटन म्हणतात. ते एकदा दाबून सोडायचं आणि अर्ध्या मिनिटाच्या आत गाडीतलं बटन दाबायचं. हेच लर्न बटन दहा सेकंद दाबून धरलं, तर मात्र मोटर सगळे रिमोट विसरते.

कदम साहेबांकडे मी ते एकदाच दाबलं होतं. शिडीवरून उतरून पळत गाडीत बसले होते. दार उघडलं. कदम साहेबांनी स्वतः चार वेळा उघडून-लावून पाहिलं आणि जॉबशीटवर, म्हणजे आमच्या कामाच्या नोंदीच्या कागदावर, सही केली.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी त्यांचा दुकानात फोन आला. गाडीचं बटन चालत नाही, घरातले तिन्ही रिमोटही चालत नाहीत. फक्त भिंतीवरच्या स्विचने दार हलतं.

"लर्न बटन किती वेळ दाबलंस?" सरांनी विचारलं. दुकानाच्या मालकांना आम्ही सर म्हणतो.

"एकदाच, सर. लगेच सोडलं."

"मग पूरी मेमरी कशी साफ झाली? अपने आप?"

"मी निघाले तेव्हा चालत होतं. जॉबशीटवर त्यांची सही आहे."

"सही मत दिखा मुझे. जुने कस्टमर आहेत ते. कॉलेज में यही सिखाते हैं, बहस करना?"

मी म्हणायला हवं होतं की आधी मोटर बघून येते. मी म्हटलं, "सॉरी, सर."

"सॉरी लिखके दे. उद्या त्यांच्या हातात द्यायचं, मग काम करायचं. सर्टिफिकेट पाहिजे ना?"

मी लिहिलं. दोनदा लिहिलं, कारण पहिल्या वेळी मी 'कदाचित' हा शब्द घातला होता. सरांनी तो काढायला लावला.

तारखेसकट पत्र घेऊन कदम साहेबांनी ते खिशात ठेवलं. "दुकानात मोठं कोणी नव्हतं का?"

"सर साइटवर आहेत."

"वडील काय करतात तुझे?"

"टेम्पो चालवतात."

"हं," ते म्हणाले. एवढंच.

मी गॅरेजमध्ये गेले. मोटरखाली फरशीवर झेंडूच्या सुकलेल्या पाकळ्या पडल्या होत्या. शिडी लावून वर चढले आणि तिथेच थांबले.

मोटरच्या डब्याला कुंकवाची पाच बोटं होती. भोवती पूजेचा लाल-पिवळा कलावा सात-आठ वेढे देऊन घट्ट बांधलेला. त्या धाग्याखाली झेंडूचं एक फूल होतं आणि एक सुपारी. सुपारी नेमकी लर्न बटनावर होती. बटन पूर्ण आत गेलेलं.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी, खंडेनवमीला, आमच्या मराठी लोकांत शस्त्रं आणि अवजारं पुजतात. कदमांच्या घरात जुनी तलवार आहे, तिची पूजा होते. आमच्याकडे तलवार नाही, वडील टेम्पोचा जॅक आणि पाने पाटावर मांडतात. म्हणजे मला त्या पूजेचं हसू आलं नाही. पण माझ्या निष्काळजीपणाचा कागद खाली त्यांच्या खिशात होता आणि इकडे सुपारी तीन दिवस बटन दाबून बसली होती. मी आधी फोटो काढला. मग त्यांना हाक मारली.

"साहेब, या सुपारीने बटन दाबलं गेलंय. त्यामुळे मोटर सगळं विसरली."

ते खालूनच म्हणाले, "पूजेने यंत्र बिघडलं म्हणतेस?"

"पूजेने नाही. सुपारी जिथे बांधली, त्या जागेमुळे."

"ती मी स्वतः बांधली आहे."

"म्हणूनच तुम्हाला दाखवते आहे."

माझा आवाज चढला होता. तो ऐकून कदम काकू बाहेर आल्या. मी खाली उतरून त्यांना फोटो दाखवला. त्यांनी चष्मा वर करून पाहिला.

"अहो, तुम्हाला म्हटलं होतं ना, सुपारी खाली घरंगळते तर नुसतं फूल ठेवा. तर तुम्ही म्हणे, थांब, बसवतो."

कदम साहेब शिडीजवळून बाजूला झाले.

"बेटा, तू काढू नकोस, मी काढते," काकू म्हणाल्या. मी शिडी धरली, त्या दोन पायऱ्या चढल्या आणि नमस्कार करून कलावा सोडला. मग मी सांगितलं तिथे, डब्याच्या कोऱ्या बाजूला, तो पुन्हा बांधला. नंतर त्या गाडीत बसल्या. मी वरून बटन दाबून सोडलं आणि म्हटलं, "आता." दार सरकत वर गेलं. मग तिन्ही रिमोटही एकेक करून शिकवले.

जॉबशीटमध्ये 'बिघाडाचं कारण' असा रकाना असतो. मी सरांना फोन लावला.

"रिमोट का सेल लिख दे," ते म्हणाले. "कस्टमर को बुरा लगेगा."

"सेल नवे आहेत, सर."

"तू लिख ना यार."

मी लिहिलं : लर्न बटनावर सुपारी बांधल्याने बटन सतत दाबलेलं राहिलं. कदम साहेबांनी वाचलं आणि पेन घेतलं नाही. "नुसतं तांत्रिक बिघाड लिही."

"तसं लिहिलं तर तो माझ्यावर येतो, साहेब."

"द्या इकडे," काकू म्हणाल्या आणि त्यांनी सही केली. "सुपारी मीच दिली होती हातात."

मग मी माझं पत्र परत मागितलं. आयुष्यात पहिल्यांदा मी कुणा मोठ्या माणसासमोर हात पुढे करून उभी राहिले. कदम साहेबांनी पत्र खिशातून काढलं, पण हातात दिलं नाही. शिडीच्या पायरीवर ठेवलं आणि आत गेले.

दुकानात सरांनी जॉबशीट वाचून सगळ्यांना ऐकवली. सगळे पोट धरून हसले. मला कोणी काही म्हटलं नाही, सॉरी तर नाहीच. सर्टिफिकेट वेळेवर मिळालं. त्यात काम उत्तम लिहिलं आहे आणि खाली एक ओळ आहे : ग्राहकांशी बोलताना अधिक नम्रता हवी.

आता काम संपलं की मी मोटरचा फोटो काढून गिऱ्हाइकाला पाठवते आणि पूजेसाठी डब्याची कोणती बाजू मोकळी आहे तेही सांगते. आणि तक्रार आली, तर माफी लिहिण्याआधी शिडी चढते.