मिलुंका बसली त्या दिवशी

मिलुंकाला धंदा शिकवायला बेलग्रेडहून माणूस यावा, याचा राग मला अजून आवरत नाही. चाचाक शहरातल्या आमच्या गल्लीत धंदा कळणारं एकच माणूस होतं, ते म्हणजे ती. मी वाणिज्य शाळेत शिकलो, स्क्रूच्या कारखान्यात छत्तीस वर्षं हिशेब लिहिले, पुढच्या वर्षी निवृत्त होईन. पण गिऱ्हाईक कसं सांभाळायचं हे मी तिच्या शिवणाच्या खोलीत बसून पाहिलं.

कपड्यांची गिरणी बंद पडली तेव्हा ती चाळिशीची होती. बाकीच्या बायका फलक घेऊन फाटकासमोर बसल्या. हिनं गिरणीच्या भंगारातून एक मशीन उचललं, जिन्याखालची खोली रंगवली आणि पाटी लावली : ‘कपडे दुरुस्ती. शनिवारी बंद.’

“अगं, लग्नं शनिवारीच असतात,” मी म्हटलं.

“म्हणूनच. उघडं ठेवलं तर सगळे शनिवारी सकाळी धावत येतील, आणि घाईत शिवलेली पँट लग्नात उसवेल. नाव कोणाचं जाईल?”

हलकं कापड ती परत पाठवायची. दिलेली तारीख तिनं कधी चुकवली नाही. नवरा तिहोमिर वारल्यावर घर तिनं त्याच मशीनवर चालवलं. तिहोमिर माझा लष्करातला दोस्त. त्यांच्या लग्नात साक्षीदार म्हणून मी उभा राहिलो, त्यामुळे मी त्या घराचा कूम. हे नातं आमच्याकडे रक्ताच्या नात्याच्या बरोबरीनं धरतात. कूम काही मागतो तेव्हा नाही म्हणायचं नसतं.

बेलग्रेडच्या त्या लोकांनी नेमकं हेच हेरलं.

आलेल्या माणसाचं नाव नेबोयशा. तिशीचा, पांढऱ्या बुटांचा. ताकदीच्या पावडरी आणि गोळ्यांची कंपनी. हॉटेलच्या हॉलमध्ये त्यानं शंभरेक बायकांना सांगितलं, “तुमचे हात थांबले की कमाई थांबते. हे नोकराचं डोकं. उद्योजकाचं डोकं तयार करा! शंभर नावांची यादी करा. सुरुवात अशांपासून करा, जे तुम्हाला नाही म्हणू शकत नाहीत.”

यादीत पहिलं नाव माझं होतं.

“कूम, इथे सही कर.”

“हे विकत कोण घेणार, मिलुंका?”

“विकायचं नाहीच मुळी. माणसं जोडायची. तू आलास की तुझ्याखाली आणखी येतील.”

“माझ्याखाली कोण येणार? माझी मांजर?”

“कर थट्टा. तुझं डोकं नोकराचं ते नोकराचंच.”

मी सही केली, मालाचे पैसे भरले. गल्ली म्हणाली, हिशेबनीस माणूस आहे, पारखूनच सही केली असेल. माझ्यामागून अकरा घरांनी सही केली. मी काहीही पारखलं नव्हतं, मी फक्त कूम होतो. हा राग माझा माझ्यावरच आहे, आणि तो मी कोणाला वाटून देणार नाही.

मशीन मागच्या शेडमध्ये गेलं. जिन्याखालच्या खोलीत पावडरींची खोकी आली.

मग मित्रोवदान आला, तिच्या घरच्या संताचा दिवस, तिची स्लावा. स्लावेला आम्ही कोणाला बोलावत नाही. दार उघडं असतं, मेणबत्ती पेटलेली असते, ज्याला यायचं तो येतो. आणि पाहुणा घरात असेपर्यंत घरधनी बसत नाही. न बोलावता चाळीस माणसं घरी येतात हे ऐकल्यावर नेबोयशा चेकाळलाच. अशी फुकटची सभा त्याला कुठे मिळणार होती!

तो चित्रं दाखवायचा पडदा घेऊन आला. संताच्या तसबिरीशेजारच्या भिंतीवर त्यानं तो टांगला. स्लावेच्या पावाला खेटून गोळ्यांचे डबे मांडले. लोक हातात राकियाचे, फळांच्या दारूचे, पेले धरून बघत राहिले.

“मिलुंकाताई, तुम्ही पहिल्या रांगेत बसा,” तो म्हणाला. “आज तुम्ही या सगळ्यांच्या लीडर.”

आणि ती बसली. चाळीस पाहुणे घरात असताना, मेणबत्ती जळत असताना, तिहोमिरच्या घरात मिलुंका खुर्चीवर बसली.

समोरच्या घरातले म्हातारे रादिसाव उठले. ताटातल्या सारम्याला, कोबीच्या पानात गुंडाळलेल्या खिम्याला, त्यांनी हात लावला नव्हता. “मी संताकडे आलो होतो,” एवढं बोलून त्यांनी टोपी घातली. पाठोपाठ बाकीचे निघाले. नेबोयशा माईकवरून सांगत होता, “घाबरू नका, जाणारे जातात, ते नोकरच राहतात!” माझ्या हातात सुरी होती, पाव कापायची. मी ती खाली ठेवली, हे बरं केलं.

वर्षभर गल्लीत कोणी तिच्याशी धड बोललं नाही. पावडरींची मुदत संपली. नेबोयशा फोनवर म्हणाला, “माल चांगला आहे, योजना चांगली आहे. तुमचं मनच तयार नाही.” दोष कशाचा? तिच्या डोक्याचा! शनिवारी दुकान बंद ठेवण्याची अक्कल ज्या डोक्यात होती, त्या डोक्याचा.

पुढचा मित्रोवदान आला. आता कोणी येतं की नाही, हाच प्रश्न होता. एकदा स्लावेला माणसं यायची थांबली, की ते घर गल्लीत असून नसल्यासारखं. मी सकाळीच गेलो. तिनं चाळीस जणांचं रांधलं होतं. मेणबत्ती जळत होती, पडदा नव्हता, डबे नव्हते. मी जेवलो. ती उभी होती. दुपार झाली तरी उभीच.

“बस थोडं. मीच तर आहे,” मी चिडून म्हटलं.

“तू पाहुणा नाहीस का?”

मला तिचाही राग आला, गल्लीचाही. या रांधलेल्याचं काय करायचं? पाय दुखतात म्हणून ती भिंतीला टेकली, पण बसली नाही. मेणबत्ती बोटभर उरली. स्लावेची मेणबत्ती फुंकत नाहीत, वाइननं विझवतात. दिवस संपला म्हणून तिनं वाइनचा पेला हातात घेतला, तेवढ्यात दारात रादिसाव दिसले.

“पडदा लावलाय का?”

“नाही, रादिसावकाका.”

“तो पांढऱ्या बुटांचा?”

“नाही.”

“मग सारमा आण. गेल्या वर्षीचा राहिलाय माझा.”

ते जेवले. अंगणातून आणखी दोघातिघांचे आवाज आले. तिनं पेला बाजूला ठेवून ताटं मांडली, आणि रादिसावांच्या पाठीमागे येताच थबकली.

“काका, कोटाचं अस्तर सुटलंय तुमच्या.”

“सुटू दे. शिवणारीनं दुकान मोडलं.”

“सोमवारी पाठवा. कूम आत्ता मशीन शेडमधून आत आणून देणार आहे.” मला तिनं विचारलंही नव्हतं. “आणि फुकट करणार नाही हं.”

“फुकट मागितलंय कोणी?” रादिसाव खेकसले. “आणि शनिवारी उघडं ठेवणार का?”

“नाही,” मिलुंका म्हणाली, आणि नव्या पाहुण्यांसाठी दाराकडे गेली.