नवरीला रडवू नका

ये, अशी जवळ सरक. फोनवर ऐकल्यासारखं लांबून नको ऐकू. आणि आधी थोडी बोलणी खा. लग्न होऊन पुण्याला गेलीस तशी फोन करतेस अन् "आज्जी जेवलीस का, गोळी घेतली का" एवढं विचारून ठेवून देतेस. गोळी मी घेतेच गं. गोळीला काय विचारायचं? मनात जे अडकलंय ते मला विचारत नाहीस. आईला मात्र विचारलंस. "पाठवणीला आज्जी आलीच नाही ना," असं म्हणालीस म्हणे, आणि म्हणताना आवाज बारीक झालता तुझा. मी काय परकी झाले का? मला सरळ भांडायचंस. आता तू भांडत नाहीस तर मीच सांगते, आणि कागदावर सांगते, म्हणजे मधेच "बरं आज्जी, ठेवते" म्हणायला तुला जागा नाही.

मेकअपवाली ठरवायची हे तुझ्याच डोक्यातलं. माझी काही हरकत नव्हती. ट्रायल असती म्हणालीस. आईला शाळेतून सुट्टी मिळेना, बापाची वाळूजच्या कारखान्यात शिफ्ट, मग तुझ्यासोबत मी. क्रांती चौकाच्या मागच्या गल्लीत, जिना चढून ते पार्लर. मला वाटलं ट्रायल म्हणजे शिंपी ब्लाऊज घालून बघायला सांगतो तसं काहीतरी, लगेच उरकेल. चांगली दुपार गेली की तिथं! आमच्या वेळी नवरीला हळद लागायची, ती धुतली की झाला मेकअप. वरून कोणाच्या तरी मावशीच्या बोटाचं काजळ. आणि या पोरीनं पेटी उघडली तर आत ब्रशच ब्रश. मी म्हणलं, "बाई, नवरी सजवायला आलीस का घर रंगवायला?"

"आज्जी, तुमचं पण करू का हलकंसं?"

"माझं कुठं करतीस, सुरकुत्यांत पावडर अडकायची. झाडणीनं काढावी लागंल."

लई हसली ती. चांगली पोरगी होती, मी तिला अजून नावं ठेवत नाय. खुलताबादची, रोज बसनं येऊन-जाऊन हे काम शिकली. बोलणं गोड, हात हलका.

सगळं झाल्यावर तिनं तुझी खुर्ची माझ्याकडं वळवली. "बघा, ओळखता का?" खरं सांगू, घडीभर नाही ओळखलं. चित्रातली बाई बसल्यासारखी बसली होतीस. मग तू हसलीस, तो पुढचा दात जरासा दुसऱ्यावर चढलेला दिसला, आणि मला माझी तू सापडलीस. मी उठले, तुझ्या तोंडावरून दोन्ही हात उतरवले आणि माझ्या कानशिलावर कडाकडा बोटं मोडली. शाळेत जाताना रोज मोडायचे तशी. दुसरं काही केलं नाही. पण तुझा जो बांध फुटला! एका डोळ्याची चिकटवलेली पापणी सुटली अन् घसरून ओठावर आली, मिशीसारखी. मी घाबरले, तुला वाटलं मी रडतेय, तू आणखी रडलीस.

"अरे यार आज्जी, काय केलं तुम्ही!" ती मेकअपवाली कापूस घेऊन धावली. "पाणी चालतं, घाम चालतो, त्याची फिकीर नाय मला. पण डोळे लाल झाले, नाक सुजलं, की माझ्या हातात काही राहत नाही. हिला तुम्ही दिसल्या की रडू येतं. लग्नाच्या दिवशी तुम्ही हिच्यासमोर यायचंच नाही."

"नाय येणार बाई."

"नक्की?"

"शब्द दिला म्हणजे दिला."

तू डोळ्यांवर कापूस धरून हसत होतीस. इथपर्यंतचं तुला ठाऊक आहे. पुढचं ठाऊक नाही, कारण पुढं तू दाराच्या आत होतीस आणि मी बाहेर.

बीड बायपासच्या त्या लॉनवर तुझी खोली वरच्या मजल्यावर होती. सकाळपासून त्या दारातून कोण गेलं नाही? मामेबहिणी गेल्या, फोटोवाला गेला, गजरेवाली गेली, कोणाची तरी मैत्रीण चार्जर मागायला गेली. मी दाराशी खुर्ची टाकून बसले. आत जायचं नव्हतं, पण तुझा आवाज येत होता ना. तर तुझ्या आईनं डोकं बाहेर काढलं. "आई, तुम्ही जरा तिकडं बसता का? दार उघडलं की तिला तुम्ही दिसता." नीटच बोलली बिचारी, वावगं नाही बोलली. मी खुर्ची उचलली, जिन्यापाशी नेली. तिथं माझी नणंद, तुझी आत्याआजी, वर चढत होती.

"काय गं वहिनी, चपला राखायला बसलीस का?"

"बंदी हाय मला."

"कशाची?"

"नवरीला रडवायची."

ती पायरीवरच बसली हसायला. "ऐकावं ते नवल! आपल्या वेळी नवरी रडली नाय तर गाव म्हणायचं, हिला माहेरी भाकर मिळत नव्हती का काय. आता रडली तर रंग जातो व्हय?"

"तुझं काय सांगतीस, तू तर बैलगाडीतनं उतरून परत आलतीस, राहिलेलं रडायला."

"मग! तुझ्या गळ्यात पडायचं राहिलं होतं ना."

ती हसत वर गेली. मी तिथंच बसले. त्या वेळी गळाभेट झाल्याशिवाय गाडी हलत नव्हती गं. एकेकीच्या गळ्यात पडायचं, नाव घेऊन रडायचं, मग पुढचीच्या. चुलत्या, शेजारणी, रांगच लागायची. त्यात निम्म्या खोट्या रडायच्या, पण एक कुणीतरी खरी असायची, तिच्यापाशी नवरीचे हात सुटायचे नाहीत. मी मनात धरलं होतं, तुझी ती एक मी असणार. लहानपणापासून तुझी वेणी मी घातली, आई-बाप कामावर असताना ताप मी बघितला. एवढा हक्क मला वाटला.

अक्षता मी पार मागच्या रांगेतून टाकल्या. तुझ्यापर्यंत कुठल्या पोचतात, पुढच्या पाहुण्याच्या फेट्यावर पडल्या. स्टेजवर घरच्यांचा फोटो काढायला बोलावलं तेव्हा टोकाला उभी राहिले, आणि तू माझ्याकडं बघू नये म्हणून मान खाली घातली. फोटोत बघ, सगळे समोर बघतात अन् मी पायाकडं. तुला वाटलं असंल आज्जीचं लक्ष नव्हतं.

मग पाठवणी. ऊन कललं होतं. बायका गाडीकडं चालल्या. मी रुखवताच्या खोलीत बसून भांडी कापडात बांधत होते. तू म्हणशील, यायचं नाही का? अगं, शब्द दिला होता लग्नाच्या दिवसाचा. गाडी हलेपर्यंत लग्नाचाच दिवस असतो, असं मी धरून बसले. आणि मनात एक होतंच, की कोणीतरी येईल, म्हणेल, "आज्जी, चला, तुम्हाला बोलावलंय." बाहेर गाणं लावलेलं, तुला नाचवत नेत होते. टाळ्या ऐकल्या. गाणं थांबलं. मग चाकाखाली नारळ फुटल्याचा आवाज आला. मी बाहेर आले तोवर मांडवात नुसत्या खुर्च्या, आणि रस्त्यावर फुटलेल्या नारळाचं पाणी.

सगळे म्हणाले, पोरगी किती छान गेली, एक टिपूस काढलं नाही. मीही म्हणलं, छान झालं.

नंतर काही दिवसांनी ती मेकअपवाली घरी आली. मेकअप करताना तोंडासमोर लावायचा तिचा गोल दिवा आपल्या सामानात आलता, तो न्यायला. मी चहा टाकला, आणि कौतुकानं तिला सांगितलं, "बघ, तुझा शब्द मी शेवटपर्यंत पाळला. पाठवणीलासुद्धा समोर गेले नाय."

तिनं कप खालीच ठेवला. "आज्जी, मी फोटोपुरतं बोलले होते हो. मेकअप करताना ती सारखी म्हणत होती, आज्जीला बोलवा. मीच म्हणलं, आत्ता नको, पाठवणीला भेट, तेव्हा माझं काम संपलेलं असतं, तेव्हा गळ्यात पडून पोटभर रड."

चहा तसाच गार झाला, आणि जाताना तिनं वाकून नमस्कार केला, कशाचा कोण जाणे.

संध्याकाळी तुझ्या आईला विचारलं. ती म्हणाली, "गाडीत बसताना तिनं विचारलं होतं हो आई, आज्जी कुठंय. मला वाटलं तुम्हाला सोसायचं नाही म्हणून तुम्ही आत थांबलात. मी म्हणलं, राहू दे, आज्जीला त्रास नको." कोणाला काय बोलावं सांग. जो तो मायेनंच वागला.

आता बाप तुझा शिफ्टच्या बसनं जातो, आई शाळेत. दुपारभर फ्रीज तेवढा घुरघुरतो. फाटकाची कडी वाजली की मी अजून चहाचं पातेलं घेते हातात, तुझी ऑफिसातून यायची वेळ म्हणून. बघते तर वरच्या भाडेकरूचं पार्सल घेऊन कोणीतरी. त्यालाच विचारते, पाणी पितोस का बाबा. तो म्हणतो, घाई हाय. रडावं म्हणून बसले एकदोनदा, तर नाही आलं. एकटीला रडू येत नाय गं, समोर माणूस लागतं.

म्हणून रागवू नकोस, आणि फोनवर माफीबिफी मागू नकोस, मला ते ऐकू येत नाही नीट. तू ये. जावईबापूंना सुट्टी नसली तर त्यांना राहू दे, बस थेट येते इकडं. सणाची वाट बघू नको, ओटी-बिटी काही नाही, बॅगेत एक साडी टाक अन् नीघ. तोंडाला काही लावून येऊ नको तेवढं. दार मीच उघडीन. लवकर ये गं.