सहा व्होल्टची गाडी आणि सरसामामी

चार शहाणी माणसं एका जुन्या गाडीभोवती बसली, की गाडी दुरुस्त होवो न होवो, किस्से मात्र हमखास तयार होतात. आमच्याकडे तर ते इतके साठलेत, की एक सांगायला घेतला की बाकीचे रुसतात!

गाडी बाबूरावमामांची. छोटी, टू-स्ट्रोक मोटारसायकल, सहा व्होल्टची, मामांच्या लग्नाच्याही आधीची. तंजावुरातल्या त्यांच्या घरापुढे ती रस्त्यावरच उभी असे. शेजारच्या तिण्णैवर, म्हणजे ओट्यावर, रोज संध्याकाळी आमची सभा भरे. मामा, कॉलेजच्या फिजिक्स लॅबमधले नारायणराव, रेडिओ दुरुस्त करणारा मुरुगेसन आणि मी. मी मामांचा भाचा. माझ्याकडे टॉर्च धरायचं खातं होतं.

*

मामांची नोकरी ओरत्तनाडूला. परतताना अंधार पडायचा. दिवा थेट इंजिनातल्या कॉइलवर चाले. ॲक्सिलरेटर पिळला की लख्ख, सोडला की काजवा! खड्डा आला म्हणून गाडी हळू करावी, तर खड्डाच दिसेनासा होई.

"खड्डा बघायचा तर जोरात जायला हवं, आणि जोरात गेल्यावर तो बघून करायचं काय?" मामा विचारायचे.

एकदा कालव्याच्या पुलावर त्यांनी असा काही जोर लावला, की बल्बच उडाला. मामा गाडीसकट भाताच्या शेतात! चिखलाने माखून घरी पोचले, तर सरसामामींनी दार उघडलं आणि विचारलं, "कोण हवंय?"

*

मग नारायणरावांनी तोड काढली. रेक्टिफायर बसवायचा, कॉइलने बॅटरी चार्ज करायची आणि बॅटरीवर दिवा लावायचा. इंजिन हळू असो नाहीतर बंद, दिवा एकसारखा! खडूने तिण्णैवर त्यांनी अख्खं सर्किट काढून दाखवलं. वायरिंग मुरुगेसनने केलं. त्याच्याकडे देवळाच्या उत्सवातल्या रोषणाईची वायर उरली होती, तीच त्याने सगळीकडे फिरवली.

"यातली दिव्याची कुठली रे?" नारायणरावांनी विचारलं.

"ती लाल."

"आणि हॉर्नची?"

"ती पण लालच, सार!"

चाचणी झाली. मामांनी ब्रेक दाबला, हॉर्न वाजला. हॉर्न दाबला, दिवा विझला! मुरुगेसनच्या चेहऱ्यावरची सुरकुतीही हलली नाही. "करंट सगळीकडे पोचलाय," तो म्हणाला, "फक्त घरं चुकलीयत."

*

घरं सापडली एकदाची. मामा रोज संध्याकाळी ऐटीत घरी यायला लागले. आणि थंडीचा मार्गळी महिना, म्हणजे आपला मार्गशीर्ष, लागला तसं काय झालं कोण जाणे, बॅटरी रोज सकाळी मेलेली! गाडीला मॅग्नेटो होता, त्यामुळे बॅटरी नसली तरी किक मारली की ती सुरू व्हायची, पण हॉर्न नुसता कण्हायचा. ऑफिसला जाताना जी काय थोडी चार्ज होई, तेवढ्यावर येताना अर्धा रस्ता निघे. पुढे काळोख.

एके दिवशी मामा एका बसच्या मागच्या लाल दिव्याला धरून घरी पोचले. बस प्रत्येक थांब्यावर थांबे, तसे मामाही थांबत. मामी तिण्णैवर वाट बघत बसल्या होत्या.

"अहो, पोदुम! पुरे झालं आता," मामी म्हणाल्या. "भोगीला जुनं सामान बाहेर काढतात ना? या भोगीला ही गाडी बाहेर. रोज जीव टांगणीला लावून मी बसायचं, हे मला जमायचं नाही."

त्यांची भीती खरी होती. मामांचं तोंड मात्र एवढंसं झालं. त्यांचा त्या गाडीवर भारी जीव होता, आणि भोगी तर तोंडावर आलेली.

*

आता आम्ही हात धुऊन मागे लागलो. करंट जातो कुठे? नारायणराव म्हणाले, दवामुळे गळतो. म्हणून हेडलाइटला लोकरी मफलर बांधला. सकाळी मफलर घडी घालून सीटवर, बॅटरी गार! मुरुगेसन म्हणाला, बॅटरीच म्हातारी झालीय. दुसरी आणली, तीही दोन दिवसांत म्हातारी झाली.

शेवटी झोपण्यापूर्वी मामांनी बॅटरीची वायरच काढून ठेवली. सकाळी बॅटरी फुल्ल! नारायणराव तर नाचायचेच बाकी होते. "गळती सिद्ध झाली!" त्या दिवशी मामींचं काय बिनसलं होतं कळेना, कॉफी आली ती बिनसाखरेची.

"रोज रात्री सोडायची, रोज सकाळी बांधायची," त्या फणकारल्या, "गाडी आहे की गाय?"

गळती शोधायला आम्ही पुन्हा सगळं वायरिंग बदललं. या वेळी हिरवं. वायर जोडली, आणि सकाळी बॅटरी परत मेली.

*

भोगीच्या आदल्या संध्याकाळी शोरूमचा पोरगेलासा सेल्समन नवीकोरी गाडी घेऊन दारात हजर झाला. तेव्हा अशा गाड्या हप्त्यावर अगदी घरपोच यायच्या. आमची सभा मान खाली घालून बसली होती. मामा जुन्या गाडीच्या टाकीवरून हात फिरवत होते, आणि माझ्याच्याने त्यांच्याकडे बघवेना.

सेल्समनने मायलेज सांगितलं, पिकअप सांगितला, बारा व्होल्ट सांगितले. मामींनी सगळं ऐकून घेतलं.

"दिवा लाव."

त्याने किक मारली, दिवा लावला. समोरची भिंत उजळून निघाली.

"आता इंजिन बंद कर."

त्याने बंद केलं. दिवा गेला.

"आणि आता लाव."

"असा नाही लागत, अम्मा. इंजिन चालू असेल तरच लागतो."

"अय्यो! मग पहाटे दारात कोलमची रांगोळी काढताना मी काय फटफट वाजवत बसू? अख्खी गल्ली जागी होईल की! कोपऱ्यावरची ट्यूबलाइट कधीची मेलीय. या जुनीचा दिवा कसा मुकाट लागतो. मार्गळीचे एवढे मोठे कोलम, पुरा तासभर जळतो बिचारा, कधी तक्रार नाही. घेऊन जा बाबा तुझी ही गाडी!"

नारायणरावांनी चष्मा काढला आणि पुसायला घेतला. मुरुगेसन आपल्या हिरव्या वायरकडे बघत राहिला. मी टॉर्च विझवला.

मामा उठले. जुनी गाडी स्टँडवरून काढली, हँडल धरलं आणि विचारलं, "सरसा, उद्या कुठल्या बाजूला तोंड करून लावू?"